नाथसागराला परत जाणारे पाणी

पाणचक्कीला लागून महमूद दरवाजा आहे. त्या दरवाजाच्या पुलावर एप्रिल महिन्यात पाच मिनिटे थांबावे. एका अंगाला पाणचक्कीचा हौद दिसतो. डोंगरातून नहरीने खेळवत आणलेले पाणी उंचावरून त्या हौदात पडते. 18व्या शतकात याच पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरत असे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा हे पाहिल्याशिवाय परत जात नाही. पण त्याच पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून कुणी पाहत नाही. खाली खाम नदी आहे. राखाडी, कडेला काळपट, दगडाला अडखळेल तिथे फेस धरणारी. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांना गेल्या पावसाळ्यातल्या पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या असतात. वारा तिकडून आला की माणूस नाकाला रुमाल लावतो आणि पावले उचलतो.

या पुलावर मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. मराठवाड्यातली ही एवढीशी नदी. जटवाड्याच्या, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांतून येणारी, पावसाळा सरला की डबक्याडबक्यांनी आटत जाणारी. ती एप्रिलमध्ये वाहते कशी? आसपासच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, टँकर सुरू झालेले असतात आणि खाम मात्र वाहत असते. कारण उन्हाळ्यात खामला जे वाहते ते खामचे पाणी नाही, ते आपले आहे. आपल्या न्हाणीघरांतले, संडासांतले, स्वयंपाकघरांच्या मोऱ्यांतले. खाम बारमाही झाली ती आपल्या ड्रेनेजमुळे.

आता ते पाणी जाते कुठे, हे पाहू. शहर ओलांडून, छावणीच्या बाजूने, वाळूजच्या दिशेने खाम नैर्ऋत्येला वळते आणि पुढे नाथसागराला मिळते. नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय. आणि आपल्या नळाला पाणी येते ते कुठून? जायकवाडीतूनच. पैठणजवळ ते उचलायचे, फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात स्वच्छ करायचे, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवायचे आणि मग शहरभर सोडायचे. म्हणजे जिथून आपण पितो, तिथेच आपली मोरी जाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे उलटे विचारले पाहिजे. आडात जे सोडले, ते पोहऱ्यात येणार नाही असे कोण सांगेल?

पैठण रस्त्यावर नक्षत्रवाडी आणि कांचनवाडी या शेजारशेजारच्या वस्त्या आहेत. एकीत पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, दुसरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र. येणारे पाणी आणि जाणारे पाणी एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर एकमेकांना भेटतात. या शहरातल्या प्रत्येक शाळेची सहल या दोन ठिकाणी एकाच दिवशी गेली पाहिजे असे मला वाटते. पाठ्यपुस्तकातल्या जलचक्राच्या आकृतीत ढग, डोंगर आणि समुद्र असतात. आपले खरे जलचक्र नक्षत्रवाडी ते कांचनवाडी ते नाथसागर असे आहे, आणि त्यातला जो टप्पा सर्वांत कमजोर, तेवढीच आपल्या पिण्याच्या पाण्याची हमी.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. पाणीपुरवठा योजना आणि मलनिस्सारण योजना या दोन योजना नाहीत. ती एकच योजना आहे आणि आपण तिचा अर्धा भागच मोजतो.

गेली काही वर्षे या शहराने पाण्यासाठी काय सोसले ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी येणारे पाणी, रात्री दोनला लावलेला गजर, गच्चीवरच्या टाक्या, अंगणातले ड्रम, रिकाम्या हंड्यांचे मोर्चे. त्यातून 1680 कोटींची नवी योजना आली, डिसेंबर 2020मध्ये तिचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च 2700 कोटींच्या पुढे गेला. अडीच मीटर व्यासाची ती जलवाहिनी रस्त्याकडेला पडलेली पाहताना आत माणूस उभा राहू शकेल हे कळायचे आणि मनाला बरे वाटायचे. त्या योजनेचा प्रत्येक टप्पा वर्तमानपत्रांत आला, विधिमंडळात गाजला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्यावर वेळोवेळी विचारणा केली. हे सगळे योग्यच होते. पण त्या अडीच मीटर नळातून येणारे पाणी वापरून झाल्यावर कोणत्या नळातून परत जाणार, हा प्रश्न किती वेळा विचारला गेला?

साधा हिशेब करू. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावे असा देशातला नियोजनाचा दंडक आहे. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. म्हणजे माणशी 108 लिटर. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली लोकसंख्या पावणेबारा लाख होती. तिला गुणले तर दिवसाला साधारण 127 दशलक्ष लिटर होतात. आज वस्ती 20 लाख धरली तर तोच आकडा 216 दशलक्ष लिटरवर जातो. महापालिकेची मोठी केंद्रे तीन. कांचनवाडी 161 दशलक्ष लिटर, झाल्टा 35, पडेगाव 10. मिळून 206. डॉ. सालिम अली सरोवराजवळ आणखी एक छोटे केंद्र आहे. आजवर ही क्षमता पुरेशी वाटत आली, कारण नळाला पाणीच आठवड्यातून एकदा येत होते. पाणी रोज येऊ लागले की ही उसंत संपेल. बादलीने आंघोळ करणारे घर शॉवर लावेल, अंगणे धुतली जातील, गाड्या धुतल्या जातील, आणि मोऱ्या आजच्या दुपटीने वाहतील. तहान भागवणारी योजना ज्या दिवशी पूर्ण होईल, त्याच दिवशी सांडपाण्याची योजना अपुरी ठरण्याची सुरुवात होईल.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र म्हणजे नेमके काय, हे आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले नसते. पाहण्यासारखे असते. पहिली गोष्ट दिसते ती लोखंडी जाळी. शहरभरातून आलेले मैलापाणी या जाळीवर आदळते आणि जे विरघळत नाही ते सगळे तिथे अडकते. गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, केसांचे पुंजके, शाम्पूच्या पाकिटांचे कोपरे, चिंध्या, निर्माल्य, एखादी लहान मुलाची चप्पल. शहराची झडती घ्यायची असेल तर या जाळीसमोर उभे राहावे. जाळीनंतर वाळू-खडे खाली बसवणारे कुंड. आणि मग खरे काम सुरू होते, ते यंत्राचे नसते, जिवाणूंचे असते.

मैलापाण्यात 99 टक्क्यांहून जास्त पाणीच असते. उरलेल्या अंशात जी सेंद्रिय घाण असते ती खाणारे जिवाणू निसर्गातच आहेत. नदी स्वतःला शुद्ध करते असे आपण म्हणतो ते त्यांच्याच भरवशावर. पण हे जिवाणू खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. घाण थोडी असली तर नदी वाऱ्यातून, खळखळाटातून तो परत मिळवते. घाण जास्त झाली की ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्याच कामाचा तो कुजक्या अंड्यासारखा वास आपल्याला पुलावर येतो. केंद्रात जे होते ते एवढेच, की नदीने काही दिवसांत आणि बऱ्याच किलोमीटरांत जे करायचे ते काही तासांत, एका कुंडात उरकायचे. तळातून हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, जिवाणूंना भरपूर ऑक्सिजन द्यायचा, त्यांना पोटभर खाऊ द्यायचे, मग हवा थांबवून सगळे शांत होऊ द्यायचे. फुगलेला जिवाणूंचा थर गाळ होऊन खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहते. 1914मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही रीत बसवली. जगातली बहुतेक मोठी केंद्रे आजही तिच्याच वेगवेगळ्या रूपांवर चालतात.

ज्या कुंडात हवा खेळत असते त्याला घाण वास येत नाही. पावसानंतरच्या मातीसारखा, किंचित ओलसर वास येतो. काठावर उभे राहिले की करड्या-तपकिरी पाण्यातून लाखो बुडबुडे वर येताना दिसतात, भाकरीच्या पिठासारखा रंग असलेला फेस फिरत असतो. अनुभवी ऑपरेटर फेसाच्या रंगावरून आणि वासावरून सांगतो की आज जिवाणूंचे पोट बरोबर आहे की बिघडले आहे. त्या माणसाच्या हातात खामचा आणि नाथसागराचा जीव आहे, आणि शहरात त्याला कुणी ओळखत नाही.

हे जिवाणू जिवंत आहेत ही गोष्ट प्रशासनाने आणि आपण नीट समजून घेतली पाहिजे. रस्ता बांधला की तो काही वर्षे तसाच राहतो. केंद्र तसे नसते. ते गोठ्यासारखे असते, रोज चारा-पाणी लागते. हवेचे ब्लोअर दिवसरात्र चालावे लागतात, आणि केंद्राच्या विजेचा निम्म्याहून जास्त वाटा या हवेवरच जातो. वीज बराच काळ गेली, ब्लोअर बंद पडला, बिल थकले, एखाद्या कारखान्याने रात्री रसायन गटारात सोडले, की जिवाणू मरतात आणि पुन्हा पिढ्या वाढवायला कित्येक दिवस लागतात. तोवर पाणी आत गेले तसेच बाहेर येते. उद्घाटनाची कोनशिला मात्र जागेवर असते, आणि कागदावरची क्षमताही.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत दिवसाला 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. केंद्रे उभी होती 31,841 दशलक्ष लिटरची. त्यांतून प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती 20 हजारांच्या थोड्या वर. म्हणजे जी केंद्रे लोकांच्या पैशातून उभी राहिली, त्यांच्यातलाही एक तृतीयांशाहून मोठा भाग वापराविना. महाराष्ट्रात 9,107 दशलक्ष लिटर सांडपाण्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया निम्म्याहूनही कमी पाण्यावर होत होती. आणि 2022मध्ये याच मंडळाने देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले तेव्हा सर्वांत जास्त, 55, आपल्या राज्यात निघाले. ज्या राज्याने देशाला सहकार दिला, रोजगार हमी दिली, त्याच्या नावावर हा पहिला क्रमांक आहे.

क्षमता असूनही केंद्र अर्धे रिकामे का राहते? कारण घरापासून केंद्रापर्यंतची वाट पूर्ण नसते. हे आपल्या शहरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. भूमिगत गटार योजना 365 कोटींच्या घरातली होती. मोठ्या वाहिन्या नाल्यांच्या आणि नदीच्या कडेने टाकल्या गेल्या. पण मोठ्या वाहिनीला गल्लीतली लाइन जोडायची, गल्लीतल्या लाइनला घर जोडायचे, हे काम कंटाळवाणे, भांडणाचे आणि फोटो न निघणारे असते. त्यात गुंठेवारी. 2001च्या गुंठेवारी कायद्याने भूखंड नियमित करण्याची वाट उघडली, पण ज्या वस्तीत आठ-दहा फुटांचा बोळ आहे, तिथे ड्रेनेजची लाइन कुठून न्यायची? शहरालगतचे सातारा-देवळाई महापालिकेत आले, कर सुरू झाले, ड्रेनेजसाठी मात्र वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. तोवर घरोघरी सेप्टिक टँक. तो भरला की टँकर बोलवायचा. तो टँकर कुठे रिकामा होतो हे कुणी विचारत नाही. बहुतेकांना उत्तर ठाऊक असते.

याच शहरातल्या एका जुन्या गल्लीत माझ्या ओळखीचे एक घर आहे. पुढे नवे टाइल्सचे अंगण, मागे नाला. मागच्या भिंतीला चार इंची पीव्हीसी पाइप बाहेर काढलेला, थेट नाल्यात. घरमालक सज्जन गृहस्थ. कराची पावती दाखवून म्हणाले, ड्रेनेजची लाइन समोर आली तेव्हा जोडणीसाठी अर्ज केला होता, दोनदा चकरा मारल्या, मग सोडून दिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण असे पाइप मोजले तर आकडा हजारांत जाईल, आणि त्या हजारांना पुरेल एवढी जागा कांचनवाडीच्या कुंडांत कदाचित आजही असेल. फक्त वाट नाही.

2021पासून खाम पुनरुज्जीवनाची मोहीम शहरात सुरू झाली. महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक फाउंडेशन, इकोसत्त्व अशा संस्था एकत्र आल्या. नदीपात्रातला कचरा निघाला, काठ बांधले गेले, झाडे लागली, उद्यान झाले, मुले तिथे खेळू लागली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत हे काम पोहोचले. ज्यांनी गुडघाभर चिखलात उतरून पात्रातले प्लास्टिक काढले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. नदीकडे पाठ करून बसलेले शहर त्यांनी नदीकडे वळवले, हे लहान काम नाही. पण नदीचा काठ आणि नदीचे पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. काठ स्वयंसेवक स्वच्छ करू शकतात. पाणी स्वच्छ करायला जोडलेल्या वाहिन्या, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि ते काम महापालिकेचेच आहे, दुसऱ्या कुणाचे नाही.

सांडपाण्याच्या या आग्रहावर मी तीन आक्षेप वारंवार ऐकले आहेत. पहिला असा की नाथसागर अफाट आहे, त्यात शहराची मोरी ती केवढी? भरल्या वर्षी हे खरे वाटते. धरणाची एकूण साठवण सुमारे 102 टीएमसी. पण मराठवाड्यात भरलेली वर्षे मोजून येतात. 2016 आणि 2019च्या उन्हाळ्यांत धरण मृतसाठ्यात गेले होते आणि शहराने मृतसाठा पिऊन दिवस काढले. मृतसाठा साधारण 26 टीएमसीचा. एकट्या कांचनवाडीच्या क्षमतेएवढे, दिवसाला 161 दशलक्ष लिटर पाणी वर्षभर वाहिले तर ते दोन टीएमसीच्या वर जाते. दुष्काळात नदीतून येणारे दुसरे पाणी नसते, पाऊस नसतो, बाष्पीभवन मात्र होत असते, आणि हे दोन टीएमसी येतच राहते. म्हणजे ज्या वर्षी पाणी सर्वांत कमी, त्याच वर्षी त्यातला मोरीचा वाटा सर्वांत मोठा.

दुसरा आक्षेप पैशाचा. महापालिकेकडे पगाराला पैसे नाहीत, ब्लोअर कुठून चालवणार? याचे उत्तर 1980मध्येच मिळालेले आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांबाबत हेच कारण सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते, आणि पैसे नाहीत म्हणून सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य टाळता येणार नाही असे न्यायालयाने बजावले. 2017मध्ये त्याच न्यायालयाने नगरपालिकांना सांडपाणी केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली. मुदत केव्हाच उलटली. आणि पैशाचेच म्हणाल तर गढूळ, दूषित पाणी फारोळ्यात शुद्ध करायलाही पैसेच लागतात, कावीळ आणि अतिसारावर दवाखान्यातही पैसेच लागतात. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाहीत, गरिबाच्या घरखर्चात दिसतात.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याकडून येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. नाल्याच्या पाण्यात खत असते, ते बंद केले तर आमच्या भाजीचे काय? खाम आणि सुखना नद्यांच्या काठी मोटारी लावून याच पाण्यावर पालेभाज्या घेतल्या जातात आणि त्या आपल्याच बाजारात येतात. पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखात कुणी हे पाणी वापरले तर त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. पण प्रक्रिया केलेल्या पाण्यातही नत्र आणि स्फुरद बराच उरतो. जातात ते जंत, रोगजंतू आणि दुर्गंधी. शेतकऱ्याला हवे ते पाणीच असते, रोग नको असतो. शेताच्या बांधावर दिवसभर त्या पाण्यात पाय बुडवून उभी असते ती मजूर बाई. तिच्या पायांच्या खरजेचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

मग हे काम मागे का पडते? माझे उत्तर कदाचित कुणाला रुचणार नाही. आपल्या समाजात स्वच्छ पाणी आणणाऱ्याला मान आहे, घाण पाणी नेणाऱ्याला नाही. मलिक अंबरने 17व्या शतकात नहर बांधली, त्याचे नाव आपण चारशे वर्षे घेतो आहोत आणि घ्यायलाच हवे. गटार बांधणाऱ्या कोणत्या अभियंत्याचे नाव या शहराला ठाऊक आहे? यामागे जात आहे. पाण्याला शिवायचे कुणी आणि मैल्याला शिवायचे कुणी, ही वाटणी शतकानुशतके जातीने करून ठेवली. 20 मार्च 1927ला महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला गेला, आणि पुढे याच शहरात नागसेनवनात बाबासाहेबांनी महाविद्यालय उभे केले. पण मैल्याशी असलेली ती नेमणूक पुसली गेली नाही. 2013च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी आली, तरी चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या देशभरातून येत राहतात. ज्या कामाला आपण खालचे मानतो, त्यावर बुद्धी आणि पैसा खर्च करायला आपले मन तयार होत नाही. सांडपाणी केंद्राच्या दुर्दशेचे मूळ तांत्रिक नाही, ते इथे आहे.

आणखी एक गोष्ट. वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून मराठवाडा दर दुष्काळात नाशिक-नगरशी भांडतो. ते भांडण न्यायाचे आहे, समन्यायी वाटपाचा कायदा आपल्या बाजूने आहे. 2023मध्ये वरून 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश झाला तेव्हा तो मिळवायला किती आंदोलने, किती न्यायालयीन वाऱ्या लागल्या ते आपण पाहिले. त्याच वेळी आपण जे दोन टीएमसी स्वतःच्या हाताने नासवतो ते जवळजवळ त्याच्या चौथाईएवढे आहे. आणि वरच्यांना जाब विचारणारे आपण खालच्यांसाठी वरचेच आहोत. शहराच्या पूर्वेची सुखना चिकलठाण्यावरून पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. वाटेत जालना आहे, परभणी आहे, पुढे नांदेड. नाशिकच्या सांडपाण्याबद्दल आपण जे बोलतो, ते परभणीचा माणूस आपल्याबद्दल बोलू शकतो. गंगथडीच्या माणसाला, जो गोदावरीला गंगाच म्हणतो, हे समजावून सांगावे लागू नये.

हे पाणी सांडण्याचे नाहीच, ते पुन्हा वापरण्याचे आहे. नागपूरने भांडेवाडीच्या केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले आणि तेवढे धरणाचे पाणी वाचवले. आफ्रिकेतल्या नामिबिया या कोरड्या देशाची राजधानी विंडहूक 1968पासून आपले सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरते. आपल्याला पिण्यापर्यंत जायची आज गरज नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, बिडकीन एवढे कारखाने भोवती आहेत. शीतकरणाला, बांधकामाला, बागांना, रस्ते धुवायला धरणाचे शुद्ध पाणी कशाला हवे? कांचनवाडीचे पाणी कारखान्याने पैसे मोजून घेतले तर ब्लोअरचे वीजबिलही त्यातूनच निघेल, आणि मुख्य म्हणजे पाण्याचा दर्जा रोज तपासणारे एक गिऱ्हाईक तयार होईल. नदी तक्रार करत नाही. गिऱ्हाईक करते.

तोवर नदीच्या वतीने तक्रार आपल्यालाच करायची आहे. मला महापालिकेकडून मोठे काही मागायचे नाही. केंद्रात येणाऱ्या आणि केंद्रातून जाणाऱ्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, किती, हे दोन आकडे रोज जाहीर व्हावेत. कच्च्या मैलापाण्यात ही मागणी लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅमच्या आसपास असते. बाहेर पडताना ती 10च्या आत हवी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019मध्ये म्हटले आहे. त्यासोबत आज किती पाणी केंद्रात आले आणि किती तास ब्लोअर बंद होते, तेही. आणि महमूद दरवाजा, छावणी व वाळूज अशा तीन ठिकाणी खामच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती. पाणी कोणत्या वसाहतीला कधी येणार याचे वेळापत्रक जसे आपण पाहतो, तसे हे आकडे प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेले असावेत.

आणि वाचकहो, तुमच्याकडून एक. येत्या रविवारी आपल्या घरामागच्या चेंबरचे झाकण उघडून पाहा. तिथून निघालेला पाइप कुठे जातो, ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन शोधा. तो मुख्य लाइनला मिळत असेल तर तुमचे पाणी कांचनवाडीला, झाल्ट्याला किंवा पडेगावला जाते. नाल्यात उतरत असेल तर जोडणीसाठी अर्ज करा, त्याची पोच घ्या, आणि पुढच्या वेळी नगरसेवक दारात आला की पाण्याआधी त्या अर्जाबद्दल विचारा. पाणी तर येईलच. अडीच मीटरचा तो नळ आपल्यापर्यंत पोहोचलाच आहे.